तिसऱ्या श्रेणीतील थोर विद्यापीठे

एडिसनला किंवा फ्रीमाँटला स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबातील मुलगी पोहण्यात तरबेज निघते, तिला मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या जगद्विख्यात संस्थेत प्रवेश मिळतो, आणि साताऱ्याच्या आजोबांना त्या आनंदवार्तेबरोबरच असेही कळते की ही संस्था क्रीडेच्या बाबतीत 'तिसऱ्या श्रेणीत' मोडते. तेव्हा ज्यांच्या तारुण्यात मॅट्रिकची तिसरी श्रेणी चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, त्या आजोबांच्या कपाळाला आठी पडली तर नवल नाही. त्यांनी अधिक चौकशी केली तर बुचकळ्यात पडण्याजोगे पुष्कळच हाती लागेल. शिकागो विद्यापीठ तिसऱ्या श्रेणीत. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी तिसऱ्या श्रेणीत. आणि ज्यांचे नाव त्यांच्या राज्याबाहेर क्वचितच कोणी ऐकले असेल अशी कितीतरी महाविद्यालये मात्र पहिल्या श्रेणीत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा मामला तर याहून विलक्षण आहे: पोहणे, टेनिस, बास्केटबॉल इत्यादी खेळांत ते तिसऱ्या श्रेणीत असते, आणि जाळीच्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याच्या लॅक्रॉस या एका खेळापुरते पहिल्या श्रेणीत जाऊन बसते.

या कोड्याचा उलगडा असा की अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाला तीन निरनिराळ्या मापांनी मोजतात आणि बोलताना मात्र तिन्ही मापांची सरमिसळ करतात. एक माप विद्यापीठाने पत्करलेल्या खर्चाचे आणि जबाबदारीचे. दुसरे, ते कोणाच्या पंक्तीला बसते याचे. आणि तिसरे, प्रत्यक्ष मैदानावरील यशापयशाचे. पहिल्या मापावरून श्रेणी ठरते, दुसऱ्यावरून प्रतिष्ठा आणि उत्पन्न, आणि क्रमांक काय तो फक्त तिसऱ्यावरून लागतो. अर्थात तोही, पुढे दिसेल त्याप्रमाणे, सर्वस्वी निर्भेळ नसतो.

विद्यापीठांच्या गळ्यात हा कारभार पडला कसा

अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन शर्यत 1852 साली न्यू हॅम्पशर राज्यातील विनिपसॉकी सरोवरावर हार्वर्ड आणि येल यांच्या नौकांमध्ये झाली, आणि तिचा खर्च त्या भागात लोहमार्ग चालविणाऱ्या कंपनीने उचलला होता. विद्यार्थ्यांच्या खेळात व्यापाऱ्याचा पैसा शिरल्याबद्दल आज जे हळहळतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की या प्रकरणात निष्पाप बाल्यावस्था अशी कधी नव्हतीच. 1869 मध्ये न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात फुटबॉलचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. पुढील तीन-चार दशकांत या खेळाने असे उग्र स्वरूप धारण केले की हातपाय मोडणे नित्याचे झाले, कित्येक तरुण प्राणास मुकले, आणि 1905 साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील जाणत्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण करून समज द्यावी लागली. त्या खळबळीतूनच 1906 मध्ये एक नियामक संस्था उभी राहिली. 1910 पासून ती नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन, संक्षेपाने एनसीएए, या नावाने ओळखली जाते.

आपल्याकडे होतकरू खेळाडू तालमीत, जिमखान्यात, जिल्हा संघटनेत किंवा रेल्वे-पोलिसांच्या संघात वाढतो. महाविद्यालय त्याच्या वाटेवरचे एक ठाणे असते, मुक्कामाचे गाव नव्हे. अमेरिकेत फुटबॉल आणि बास्केटबॉल या दोन खेळांचे व्यावसायिक संघ आपले बहुतेक खेळाडू थेट महाविद्यालयांतून उचलतात. त्यामुळे विद्यापीठाचे क्रीडाखाते ही तेथे एक मोठी पेढीच होऊन बसली आहे: तिचा स्वतंत्र प्रमुख, स्वतंत्र जमाखर्च, प्रशिक्षकांचे अवाढव्य पगार, आणि शनिवारी भरणारी लाखाच्या घरातील प्रेक्षागारे.

श्रेणी म्हणजे पत्करलेली जबाबदारी

1956 च्या सुमारास एनसीएएने आपल्या सभासदांचे दोन विभाग केले: मोठ्यांचा 'युनिव्हर्सिटी' विभाग आणि लहानांचा 'कॉलेज' विभाग. 1973 मध्ये या दोहोंच्या तीन श्रेणी झाल्या, आणि ती व्यवस्था आजतागायत चालू आहे. एकूण सुमारे 1,100 संस्थांपैकी पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून थोड्या अधिक, दुसरीत तीनशेच्या आसपास आणि तिसरीत सव्वाचारशेहून अधिक आहेत. सर्वांत मोठा भरणा तिसरीचा आहे, ही गोष्ट प्रायः कोणाच्या लक्षात येत नाही, कारण दूरचित्रवाणीवर दिसते ती पहिलीच.

एखादे महाविद्यालय कोणत्या श्रेणीत जाणार हे त्याच्या हारजितीवरून ठरत नाही; ते महाविद्यालय स्वतः अर्ज करते, ठरावीक अटी मान्य करते, आणि त्या पाळीत राहते. मोगल दरबारातील मनसबीशी या पद्धतीचे साम्य जुळते. पंचहजारी म्हटल्याने तो सरदार हजारी सरदाराच्या पाचपट शूर ठरत नसे. त्याचा मान, त्याचा तनखा, आणि त्याने आपल्या पदरी बाळगावयाची फौज यांचा तो आकडा होता, आणि रणांगणावर कोण सरस ठरेल याबद्दल तो आकडा मौन पाळीत असे. अमेरिकी श्रेणीही तशीच किती संघ बाळगावयाचे आणि किती जणांना पोसावयाचे एवढेच सांगते.

पहिल्या श्रेणीतील संस्थेला निदान चौदा खेळांचे संघ ठेवावे लागतात. त्यांपैकी सात पुरुषांचे व सात स्त्रियांचे, किंवा सहा पुरुषांचे व आठ स्त्रियांचे. शिवाय खेळाडूंना शिष्यवृत्ती म्हणून दर वर्षी किमान अमुक इतकी रक्कम वाटलीच पाहिजे असे बंधन असते, आणि बहुतेक सामने स्वतःच्याच श्रेणीतील प्रतिस्पर्ध्यांशी खेळावे लागतात. दुसऱ्या श्रेणीला दहा संघ पुरतात. तेथेही क्रीडाशिष्यवृत्ती मिळते, परंतु तिचे तुकडे करून ती अनेकांना वाटण्याची वहिवाट आहे, म्हणजे एखाद्याची निम्मी फी माफ, दुसऱ्याला केवळ पुस्तकांचा खर्च, तिसऱ्याला वसतिगृहाची खोली. तिसऱ्या श्रेणीचा मुख्य नियम एका ओळीत सांगता येतो: खेळाच्या गुणावर कोणालाही एक छदामही द्यावयाचा नाही. विद्यार्थ्याची गरज पाहून वा त्याची विद्वत्ता पाहून साहाय्य करण्यास प्रत्यवाय नाही. मात्र तो उत्तम पोहतो म्हणून त्यास सवलत दिली असे आढळले, तर चौकशी होते.

म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या त्या संस्थेला पहिल्या श्रेणीत घेत नाहीत असे मुळीच नाही. तिनेच खेळासाठी पैसे देण्याचे नाकारले आहे. माझ्या मते तिन्ही श्रेण्यांत सर्वांत सरळ व्यवहार जर कोठे असेल तर तो या तिसरीतच, आणि तरीही तिच्या नावातील तीनचा आकडा तिला आयुष्यभर खाली मान घालावयास लावतो. या श्रेण्या क्रमाने 'पहिली, दुसरी, तिसरी' म्हणून मोजण्याऐवजी त्यांना झाडांची किंवा नद्यांची नावे दिली असती, तर अर्धा गैरसमज जन्मालाच आला नसता.

नियमाला अपवाद आहेतच. जॉन्स हॉपकिन्सचा लॅक्रॉस संघ श्रेण्या निर्माण होण्यापूर्वीपासून देशातील अग्रगण्य संघांत गणला जात असल्याने, जुन्या हक्काच्या रूपाने त्याला शिष्यवृत्त्यांसह पहिल्या श्रेणीत राहू दिले आहे. उलट हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ विद्यापीठांची 'आयव्ही लीग' पहिल्या श्रेणीत आहे, आणि तरीही त्यांपैकी कोणीही क्रीडाशिष्यवृत्ती देत नाही. तो त्यांचा 1954 पासूनचा आपसांतील करार आहे.

चौकट: खुणेच्या पाट्या वाचताना

*पहिली श्रेणी:* किमान 14 संघ, क्रीडाशिष्यवृत्ती अपेक्षित, राष्ट्रीय प्रसिद्धी.
*पहिली श्रेणी, फुटबॉलचा वरचा पोटभाग:* किमान 16 संघ. दूरचित्रवाणीचे बहुतांश उत्पन्न येथे.
*दुसरी श्रेणी:* किमान 10 संघ. वाटून दिलेली अंशतः शिष्यवृत्ती.
*तिसरी श्रेणी:* क्रीडाशिष्यवृत्ती वर्ज्य. संस्थांची संख्या सर्वाधिक.
*एनसीएएबाहेर:* लहान महाविद्यालयांची एनएआयए आणि दोन वर्षांच्या महाविद्यालयांची एनजेसीएए. या दुसरीच्या पोटातही पुन्हा तीन श्रेण्या आहेतच.

शिकागोने सोडलेले वैभव

श्रेणी ही स्वेच्छेची बाब आहे याचा सर्वांत ठसठशीत दाखला शिकागो विद्यापीठाचा. श्रेण्या अस्तित्वात येण्यापूर्वी कितीतरी वर्षे, म्हणजे 1892 पासून चाळीस वर्षे, एमोस अलोन्झो स्टॅग या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली येथील फुटबॉल संघाचा दरारा होता. 'बिग टेन' या नावाने पुढे गाजलेल्या परिषदेच्या संस्थापकांत हे विद्यापीठ होते. आणि वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूला देण्यात येणारा हाइझमन पुरस्कार 1935 साली सुरू झाला तेव्हा त्याचा पहिला मानकरी शिकागोचाच जे बरवँगर होता. परंतु अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांना हा सारा थाट विद्येशी विसंगत वाटे. 1939 च्या हंगामात मिशिगनकडून 85–0 अशी धूळ चाखावी लागल्यावर, त्या वर्षअखेरीस विद्यापीठाने फुटबॉल सरळ बंद करून टाकला, आणि 1946 मध्ये परिषदेचाही राजीनामा दिला.

ओस पडलेल्या स्टॅग फील्ड या मैदानाच्या पश्चिमेकडील प्रेक्षासज्जाखाली रॅकेट्स या खेळाची एक बंदिस्त जागा होती. ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम रचून एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2 डिसेंबर 1942 रोजी पहिली नियंत्रित अणुशृंखला-प्रक्रिया घडवून आणली ती तेथेच. फुटबॉल सोडला म्हणून अणुभट्टी झाली असे म्हणणे म्हणजे कार्यकारणभावाशी अतिप्रसंग होईल. तथापि मैदान रिकामे होते म्हणून जागा मिळाली, एवढे म्हणण्यास हरकत नाही. पुढे 1969 मध्ये शिकागोत फुटबॉल रीतसर परत आला, आणि आज तो तिसऱ्या श्रेणीत, बेताच्या गर्दीपुढे, शिष्यवृत्तीवाचून खेळला जातो.

फुटबॉलने पाडलेली फाळणी

तिसऱ्या आणि दुसऱ्या श्रेणीत पोटभाग नाहीत. पहिलीत मात्र फुटबॉलच्या खर्चामुळे 1978 मध्ये दोन कप्पे करावे लागले, आणि 2006 पासून वरच्याला 'फुटबॉल बोल' व खालच्याला 'फुटबॉल चॅम्पियनशिप' पोटभाग म्हणतात. बोल म्हणजे वर्षअखेरीस पॅसाडिना, न्यू ऑर्लिअन्स, मायामी अशा शहरांत होणारे उत्सवी सामने. वरच्या कप्प्यात कित्येक दशके एका फुटबॉल संघाला 85 पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, खालच्यात 63 जणांपुरती रक्कम. दुसऱ्या श्रेणीत ती 36 वर येई. प्रत्यक्ष मैदानावर एका वेळी अकराच गडी उतरतात हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांतील ऐश्वर्य कळते.

वरच्या कप्प्यात राहण्यासाठी आणखी एक अट होती: स्वतःच्या मैदानावरील सामन्यांना सरासरी 15,000 प्रेक्षक हवेत. पण प्रेक्षक म्हणजे प्रत्यक्ष बसलेली माणसे की खपलेली तिकिटे, याबाबत नियमाने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या. आणि तिकीट जर कोणा हितचिंतकाने गठ्ठ्याने विकत घेतले, तर रिकामी खुर्चीही हिशेबात प्रेक्षक ठरे. मोगलांना आपल्या सरदारांचे घोडे खरोखर आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी त्यांना डाग द्यावे लागत. खुर्चीला डाग देण्याची सोय नसल्याने असेल, 2023 मध्ये ही अट काढूनच टाकण्यात आली, आणि तिच्या जागी या कप्प्यात येऊ पाहणाऱ्यास लागणारे अर्जाचे शुल्क 5,000 डॉलरांवरून 50 लाख डॉलरांवर नेण्यात आले.

कप्पा आणि कुवत यांत किती अंतर असू शकते हे 1 सप्टेंबर 2007 रोजी सर्व देशाने पाहिले. वरच्या कप्प्यातील धनाढ्य विद्यापीठे हंगामाच्या आरंभी खालच्या कप्प्यातील एखाद्या संघाला चांगली बिदागी देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. पाहुण्याने हरावे, मोबदला घ्यावा आणि घरी जावे, असा हा अलिखित संकेत. देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनने त्या दिवशी नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागातील अॅपलाचियन स्टेट या संघाला असेच निमंत्रण दिले, आणि लाखाहून अधिक प्रेक्षकांच्या देखत पाहुणे 34–32 असे जिंकून गेले. बिदागीही अर्थातच त्यांनाच मिळाली.

कोणाच्या पंक्तीला बसता?

आता दुसरे माप. एकाच श्रेणीतील दहा-पंधरा विद्यापीठे एकत्र येऊन आपसांतील सामन्यांचे वेळापत्रक, पंच, विजेतेपद आणि, मुख्य म्हणजे, प्रक्षेपणाच्या हक्कांची विक्री यांसाठी जे मंडळ करतात त्याला तिकडे 'कॉन्फरन्स' म्हणतात. आपण परिषद म्हणू. 1984 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉलच्या प्रक्षेपणावरील एनसीएएची मक्तेदारी बेकायदा ठरविली, आणि तेव्हापासून हे हक्क विकण्याचा अधिकार परिषदांच्या व विद्यापीठांच्या हाती आला. तेथपासून कोणत्या परिषदेत आहात हा प्रश्न कोणत्या श्रेणीत आहात या प्रश्नापेक्षा मोठा झाला. बिग टेनने 2022 मध्ये केलेला सात वर्षांचा करार 7 अब्ज डॉलरांहून अधिक रकमेचा असल्याचे प्रसिद्ध झाले. त्याच श्रेणीतील एखाद्या लहान परिषदेला आपले सामने प्रक्षेपित करून घेण्यासाठी मिनतवारी करावी लागते.

2014 मध्ये अटलांटिक कोस्ट, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, पॅक-ट्वेल्व्ह आणि साउथईस्टर्न या पाच परिषदांना काही नियम स्वतःपुरते करण्याची मुभा एनसीएएने दिली. लोक त्यांना आधीपासूनच 'पॉवर फाइव्ह' म्हणत होते; आता त्या बोलण्यावर दफ्तराचा शिक्का बसला. उरलेल्यांपैकी बास्केटबॉलमध्ये बऱ्यापैकी खेळणाऱ्या परिषदांना क्रीडापत्रकार 'मिड-मेजर' म्हणतात, म्हणजे मोठ्यांत मधले. हे विशेषण कोणत्याही नियमावलीत सापडत नाही, त्याची व्याख्या कोणी केलेली नाही, आणि ज्यांना ते लावले जाते ते प्रशिक्षक ते ऐकून संतापतात. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेनचे गोन्झागा विद्यापीठ 2017 आणि 2021 मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचले. तरीही ते मिड-मेजर आहे की नाही याचा खल पत्रकारांत चालूच राहिला.

पैशाच्या ओढीने भूगोलाची कशी वाट लागते हे 2024 साली दिसले. 1915 पासूनचा वारसा सांगणाऱ्या पॅक-ट्वेल्व्हमधील बारांपैकी दहा विद्यापीठे एकाच उन्हाळ्यात बाहेर पडली. मागे ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढी दोनच राहिली. पॅसिफिक महासागराच्या काठची स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया (बर्कली) ही विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या परिषदेत दाखल झाली. लॉस एंजलिसचे यूसीएलए बिग टेनमध्ये गेले, जिथे एडिसनच्या मराठी मंडळींच्या शेजारचे रटगर्स 2014 पासून आहे. त्यामुळे आता हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींना मंगळवारच्या प्रयोगशाळेतील तासाची चिंता वाहत संबंध खंड ओलांडून सामन्याला जावे लागते. फुटबॉलच्या जमाखर्चासाठी केलेल्या या स्थलांतराची किंमत इतर खेळांतील विद्यार्थी मोजतात, याची वाच्यता त्या कराराच्या समारंभांत फारशी झाली नाही.

क्रमांक लावण्याची कला आणि तिचे गणित

तिसरे माप मैदानावरील यशाचे. साडेतीनशे संघ, प्रत्येकाचे तीसएक सामने, आणि कोणतेही दोन संघ समान प्रतिस्पर्ध्यांशी खेळलेले नाहीत. अशा स्थितीत अमुक संघ तमुकाहून सरस हे ठरवावयाचे कसे?

जुनी रीत मतदानाची. असोशिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 1936 पासून फुटबॉलसाठी ती रूढ केली. सध्या साठांच्या आसपास पत्रकार दर आठवड्याला आपापल्या मते उत्तम अशा पंचवीस संघांची यादी देतात. पहिल्यास 25 गुण, दुसऱ्यास 24, असे करीत शेवटल्यास एक. आणि सर्वांची बेरीज. पद्धत सोपी आहे, परंतु तिच्यात एक खोड आहे: पहिली यादी हंगामातला पहिला सामना होण्यापूर्वीच निघते. ज्याला केवळ लौकिकावर तिसरे स्थान मिळाले तो एकदा हरून फार तर आठवा होतो. ज्याची गणतीच नव्हती त्याला चार विजयांनंतर कोठे विसावे स्थान लाभते. शिवाय पत्रकारांचे मत आणि प्रशिक्षकांचे मत निराळे पडले, तर एका वर्षी दोन सम्राट होतात. 1997 मध्ये पत्रकारांनी मिशिगनला आणि प्रशिक्षकांनी नेब्रास्काला राष्ट्रीय विजेते ठरविले, आणि त्या दोघांचा सामना कधी झालाच नाही. पुढे संगणकांची मदत घेऊन पाहिली. ती 2013 च्या हंगामापर्यंत टिकली. 2014 पासून निवडसमिती चार संघ निवडून त्यांच्यात सामने लावू लागली, आणि 2024 पासून त्या चारांचे बारा झाले. मधल्या काळात, 2023 मध्ये, तेराच्या तेरा सामने जिंकलेल्या फ्लॉरिडा स्टेटला समितीने चौघांत घेतले नाही. मुख्य खेळाडू जायबंदी झाल्याने हा संघ आता पूर्वीचा राहिला नाही, असे कारण देण्यात आले. जिंकणे हा पुरावा मानावा की जिंकण्याची शक्यता, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही.

बास्केटबॉलमध्ये मार्च महिन्यात जी बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा होते, तीत 2011 पासून 68 संघांना प्रवेश मिळू लागला. परिषदांचे विजेते आपोआप येतात, आणि उरलेल्या जागा समिती भरते. तिच्या हाताशी 1981 पासून 2018 पर्यंत 'आरपीआय' नावाचा एक निर्देशांक होता. तो काढण्याची कृती कोणालाही घरी करून पाहता येईल: संघाच्या स्वतःच्या विजयांच्या प्रमाणास एक चतुर्थांश वजन, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयप्रमाणास निम्मे, आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयप्रमाणास पुन्हा एक चतुर्थांश.

एक काल्पनिक हिशेब मांडू. पहिल्या संघाने 30 पैकी 24 सामने जिंकले, म्हणजे प्रमाण 0.800, त्याचे प्रतिस्पर्धी दुबळे, त्यांचे प्रमाण 0.450, आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे 0.500. वजने लावून बेरीज येते 0.200 + 0.225 + 0.125 = 0.550. दुसऱ्या संघाने 30 पैकी केवळ 18 जिंकले, प्रमाण 0.600, परंतु त्याचे प्रतिस्पर्धी 0.600 चे, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी 0.550 चे. बेरीज 0.150 + 0.300 + 0.1375 = 0.5875. सहा सामने अधिक हरलेला संघ वर गेला! यात अन्याय आहे असे सहसा म्हणता येत नाही, कारण बलवानांशी झुंजून हरणे दुबळ्यांना लोळविण्यापेक्षा केव्हाही अधिक अर्थपूर्ण. परंतु तीन चतुर्थांश वजन आपण काय केले याला नसून आपण कोणाशी खेळलो याला मिळते, आणि कोणाशी खेळावे हे लहान संघाच्या हाती नसते. मोठे संघ त्याच्या गावी येत नाहीत. आपल्या घरी बोलावतात, तेही बिदागी देऊन.

ही उणीव जाणून 2004–05 च्या हंगामापासून परगावच्या विजयाचे मोल 1.4 आणि घरच्या विजयाचे 0.6 असे धरण्यात येऊ लागले. 2018–19 पासून आरपीआयच्या जागी 'नेट' आला. त्यात केवळ हारजीत न पाहता, चेंडू शंभरदा ताब्यात आला असता संघ किती गुण करतो आणि किती होऊ देतो याचा, प्रतिस्पर्ध्याची ताकद व मैदान लक्षात घेऊन, हिशेब होतो. दुर्दैवाने त्याचे संपूर्ण सूत्र प्रसिद्ध केलेले नाही. आरपीआयची चूक निदान शाळामास्तरालाही काढता येत होती.

नेटवरून पुढे प्रत्येक सामना चार कप्प्यांत टाकतात. पुरुषांच्या स्पर्धेत घरी पहिल्या 30 क्रमांकांतील, तटस्थ मैदानावर पहिल्या 50 तील, किंवा परक्या मैदानावर पहिल्या 75 तील संघाशी झालेला सामना पहिल्या, म्हणजे सर्वांत कठीण, कप्प्यात पडतो. बलाढ्य परिषदेतील संघाला असे दहा-बारा सामने आपल्या शेजाऱ्यांकडूनच मिळतात. तो त्यांतील निम्मे हरला तरी पाच-सहा मोलाचे विजय त्याच्या पदरी असतात. मिड-मेजर संघाला असे दोन सामने मिळाले तरी मोठी गोष्ट. अशा रीतीने दुसऱ्या मापाची सावली तिसऱ्यावर पडते, आणि निःपक्षपाती म्हणून आणलेले गणित पंक्तिप्रपंचाला हातभार लावते.

प्रत्यक्ष सामन्यात मात्र हे हिशेब कधीकधी साफ उधळले जातात. 2018 मध्ये मेरिलंडमधील यूएमबीसी या संघाने, आपल्या गटात सोळावे, म्हणजे तळाचे, मानांकन असताना, पहिले मानांकन मिळालेल्या व्हर्जिनियाला 74–54 असे हरविले. पुरुषांच्या स्पर्धेत असे पूर्वी घडले नव्हते. स्त्रियांच्या स्पर्धेत हार्वर्डच्या मुलींनी स्टॅनफर्डला हरवून तो पराक्रम वीस वर्षे आधीच, 1998 मध्ये, केला होता, याची आठवण त्या गदारोळात थोड्यांनाच झाली.

सर्व खेळांतील यशाची एकत्र बेरीज करणारा 'डायरेक्टर्स कप' 1993–94 पासून दिला जातो. दुसऱ्या वर्षापासून सलग पंचवीस वेळा तो स्टॅनफर्डने नेला. तलवारबाजी आणि जलपोलो यांचेही गुण त्यात धरले जातात. त्याची बातमी मात्र वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर येते.

चढण्याची आणि उतरण्याची परवानगी

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे वाटेल की ज्याला जेथे हवे तेथे त्याने जावे. परंतु श्रेणी बदलणाऱ्यास काही वर्षे उमेदवारी करावी लागते, आणि त्या मुदतीत नव्या श्रेणीच्या राष्ट्रीय स्पर्धांत भाग घेता येत नाही. उतरणारे थोडे असतात. कनेक्टिकटमधील हार्टफर्ड विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ 2021 च्या मार्चमध्ये इतिहासात प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेस पात्र ठरला, आणि मे महिन्यात विद्यापीठाच्या नियामक मंडळाने खर्च झेपत नाही म्हणून पहिली श्रेणी सोडून तिसरीत उतरण्याचा ठराव केला. 2025 च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला असून, पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर ठरली. ती गाठू शकणारी विद्यापीठे मूठभर असल्याने हार्टफर्डच्या वाटेने जाणाऱ्यांची संख्या पुढे वाढली तर आश्चर्य वाटावयास नको.

चढणाऱ्यांत सर्वांत नवलाची हकीकत मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथील सेंट थॉमस विद्यापीठाची. हे तिसऱ्या श्रेणीत होते आणि तेथे फारच जिंकत होते. 2017 मध्ये त्याने सेंट ओलाफ महाविद्यालयाला फुटबॉलमध्ये 97–0 असे चिरडले. 2019 मध्ये परिषदेतील इतर महाविद्यालयांच्या अध्यक्षांनी, स्पर्धेत समतोल उरला नाही या कारणास्तव, शंभर वर्षांच्या या संस्थापक सभासदास बाहेरची वाट दाखविली. वरची पायरी म्हणून दुसऱ्या श्रेणीत जाण्याऐवजी सेंट थॉमसने खास परवानगी मिळविली आणि 2021 मध्ये ते थेट पहिलीत दाखल झाले. फुटबॉलसाठी त्याने पायोनियर लीग ही शिष्यवृत्ती न देणारी परिषद निवडली, आणि दुसऱ्याच वर्षी, 2022 मध्ये, परिषदेतील आठही सामने जिंकून विजेतेपद पटकावले. परंतु उमेदवारीची मुदत संपलेली नसल्याने राष्ट्रीय स्पर्धेची जागा त्याला मिळाली नाही. ती त्याच्या मागे राहिलेल्या डेव्हिडसनला देण्यात आली.